लाल बी काळा, हिरवा बी काळा

फायलीतून माय निघाली. असं कुणाला सांगायला जावं तर लोक येड्यात काढतील, पण झालं ते असंच. बारा वर्षांपूर्वीच्या दुष्काळी कामांची कागदं चाळायची, लागतील ती ठेवायची आणि बाकीची वाळवीच्या आधी आपणच निकालात काढायची, असा हुकूम वरून आला होता. आणि नळदुर्गच्या त्या कचेरीत असली धुळीची कामं फिरून फिरून व्यंकटच्याच टेबलावर येत. का येत, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. ज्याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं ते विचारून तोंड कशाला वाळवा. तर तोंडाला रुमाल बांधून तो एकेक गठ्ठा सोडत होता. मस्टरं, नकाशे, मजुरांना खायला वाटायची ती सुकडी वेळेवर आली नाही म्हणून केलेले अर्ज, अर्जाखाली अंगठ्यांची रांग. मग एका पाझर तलावाचा अहवाल, आणि अहवालाला डिंकानं चिकटवलेला, अर्ध्या पोस्टकार्डाएवढा फोटो. खाली टंकलेलं होतं : काम प्रगतिपथावर, स्त्री मजूर. डोक्यावर पाट्या घेतलेल्या अकरा बाया ओळीनं उभ्या. डावीकडून चौथी त्याची माय. जिला जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि जिचा एकही फोटो या जगात नाही असं तो धरून चालला होता, ती सरकारी दप्तरात बारा वर्षं उभी होती, डोक्यावरची पाटी खाली न ठेवता. आणि हसत होती. इतकी मोकळी हसत होती की व्यंकटनं आधी रुमाल सोडला, मग चष्मा पुसला, मग मागं वळून कुणी बघतंय का ते पाहिलं. कुणी बघत नव्हतं. त्यानं पाण्याचं बोट लावून लावून फोटो सोडवला आणि डायरीत घातला. नोकरीतली त्याची ही पहिली चोरी, आणि तीही आईची.

मुनवरचा स्टुडिओ हायवेवर होता, धाब्यांच्या ओळीत, पंक्चरच्या दुकानाला लागून. ट्रकवाले लायसनसाठी फोटो काढायला यायचे, नवी जोडपी लग्नानंतर पंधरा दिवसांत एकदा यायची, आणि बाकी गिऱ्हाईक मेलेल्यांचं. म्हणजे मेलेल्यांच्या घरच्यांचं. मुनवरनं साठी ओलांडलेली. त्याचा बाप पाशामियाँ याच जागेत पडद्यामागं बसून फोटोंना रंग भरायचा, आणि ती विद्या मुनवरकडं आली होती. सोलापुरात आता कलर फिल्म धुऊन मिळायला लागली होती. तिकडं जाऊन आलेली पोरं मुनवरला हसायची, आणि मुनवर त्यांच्या लायसनच्या फोटोत त्यांचा एक कान मोठा काढून उट्टं काढायचा, असं लोक म्हणत. व्यंकटनं डायरी उघडून फोटो पुढं ठेवला. मुनवरनं भिंग लावलं. चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा होता. होईल, म्हणाला, बाकीच्या बाया आणि पाटी काढून टाकू, छातीपर्यंत ठेवू, दहा बाय बाराचा करू. थोडा जाड दिसेल पण होईल. मग भिंग खाली ठेवून त्यानं विचारलं, "साधा का कलर?"

आता हा काय अवघड प्रश्न आहे? भाजीवाला विचारतो तसा विचारलेला. पण व्यंकट पहिल्या शब्दापाशीच थांबला. साधा. त्या एका शब्दात मायचं सगळं आयुष्य बसत होतं. जे काही तिच्या वाट्याला आलं ते साधंच आलं. त्याहून साधं काही असतं तर तेही तिलाच मिळालं असतं. बाप, कोंडिबा, पटकीनं गेला तेव्हा ती विशीचीही नव्हती आणि व्यंकट दोन वर्षांचा. तिथून पुढं दुसऱ्याच्या रानात खुरपणं, दुसऱ्याच्या खळ्यात उपणणं, मिलोच्या लाल ज्वारीच्या भाकरी, आणि लेक औरंगाबादला कॉलेजात. निदान मेल्यावर तरी तिला रंग मिळावा, असं त्याच्या मनात आलं आणि तो कलर म्हणून बसला. म्हणताना त्याला बरं वाटलं, दानधर्म केल्यावर वाटतं तसं. पण मुनवरनं लगेच वही पुढं ओढली. कलर म्हणजे फिल्मचा कलर नव्हे, हातानं भरायचा, तेव्हा एकेक सांगा, म्हणाला. अंगाचा रंग?

काळी, असं व्यंकट म्हणाला. मुनवरनं पेन्सिल तशीच धरली. निमगोरी लिहू का, म्हणाला; मग, गव्हाळ? तीस वर्षांत त्याला कुणी आपलं माणूस काळं करा असं सांगितलं नव्हतं. मरणानं माणसाचे सगळे दोष जातात त्यात पहिला हा जातो. काळी, चांगली काळी, असं व्यंकटनं पुन्हा सांगितलं तेव्हा मुनवरनं रंगांची पेटी उघडून दाखवली : बदामी, गुलाबी, फिकट पिवळसर, गोऱ्या कातडीचे पाच प्रकार, आणि काळ्या माणसासाठी एकही नळी नाही. पेटी बनवणाऱ्यांना असली माणसं आपला फोटो काढतील असं वाटलंच नसावं. "मिलाके करतो," मुनवर म्हणाला. "पुढं. लुगडं?"

आणि इथं व्यंकट ठार अडकला. दुसऱ्यांना रोज फॉर्म भरायला लावणारा माणूस, रकाना रिकामा ठेवू नका म्हणून खेडुतांवर खेकसणारा, आणि आज आईच्या लुगड्याचा रंग येईना. लुगड्याचा वास आठवत होता, चुलीचा आणि खोबरेलाचा. गुडघ्यावर लावलेलं ठिगळ बोटांना आठवत होतं. पदराच्या गाठीतल्या दहा पैशाचा टणकपणा आठवत होता. रंग तेवढा नाही. त्यानं डोळे मिटून त्या तलावाच्या कामावर जाऊन पाहिलं. तो गेला होता तिथं, एकदाच, त्र्याहत्तरच्या एप्रिलात, हॉस्टेल सोडून गावी निघताना मध्येच उतरून. अंगावर टेरिलीनची पँट. माती वाहणाऱ्या शेकडो बायांत आपली कुठली हे त्याला कळेना, मग कुणीतरी हाळी दिली, आणि लांबून बांधावरून ती येताना दिसली. पदरानं कपाळ पुसत येत होती. नुसतं पुसत नव्हती, घासत होती; जवळ आली तेव्हा कपाळाची कातडी तांबडी झाली होती. काय झालं गं, असं त्यानं विचारलं तर घाम रं, ऊन लई हाय, म्हणाली. पदराच्या गाठीतली सुकडी तिनं त्याच्या हातावर ठेवली. ती त्यानं खाल्ली नाही. तिकडं तंबूपाशी ओव्हरसियर बसला होता, आणि आपण या बाईचा कॉलेजात शिकणारा मुलगा आहोत हे त्याला कळू नये की कळावं, हेच व्यंकटला ठरवता येत नव्हतं. त्या अर्ध्या तासात त्यानं ओव्हरसियरची जीप पाहिली, तंबू पाहिला, स्वतःचे बूट पाहिले. लुगडं पाहिलं नाही.

मुनवर म्हणाला, घरात विचारून या. घरात कुणाला विचारणार? चांगुणाशी लग्न झालं ते माय गेल्यावर दोन वर्षांनी. तिनं सासू पाहिलेलीच नव्हती. चुलता गेला, चुलती गेली. मायला ओळखणारा या जगात तो एकटा उरला होता, आणि त्या एकट्याला तिचं लुगडं आठवत नव्हतं. त्याच्या ध्यानात आलं की आता आपण जो रंग सांगू तोच मायचा रंग. हिरवा सांगितला तर हिरवा, जांभळा सांगितला तर जांभळा. आपली मुलगी मोठी होऊन तिच्या लेकरांना तोच दाखवणार, आणि खोटं ठरवायला कुणी राहणार नाही. नऊ वर्षं ती निदान अर्धीमुर्धी का होईना खरी होती. आता आपल्या एका शब्दानं ती कायमची खोटी होऊ शकते. लुगडं तेवढं राहू द्या, सांगतो मागाहून, असं म्हणून तो उठला आणि घाम पुसत बाहेर आला.

नळदुर्गात त्याची एक खोली होती, किल्ल्याच्या बाजूला. चांगुणा बेंबळीच्या शाळेत मास्तरीण, मुलगी तिच्यापाशी. शनिवारी तो तिकडं जायचा, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. नवराबायकोचं बोलणं व्हायचं ते नळाला पाणी किती वाजता येतं आणि मुलीच्या वह्या कुठवर आल्या याचं. भांडण म्हणून नव्हतं. भांडायलाही थोडा शेजार लागतो. फोटोचं त्यानं तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं केलंत म्हणाली असती आणि पीठ मळत राहिली असती, आणि त्यात तिची काय चूक. कचेरीतून आलं की स्टोव्ह पेटवायचा, पिठलं ढवळायचं, खिडकीतून किल्ल्याच्या भिंतीवरचं ऊन उतरताना बघायचं. त्या आठवड्यात मात्र खोलीत तो एकटा नव्हता. हसणारी माय होती. आणि ती अशी का हसतेय, हे त्याला काही केल्या कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याला त्याचा थोडा रागही येत होता. तिथं उपाशीपोटी माती वाहत होतीस आणि हसत काय होतीस? माझ्यासमोर कधी अशी हसली नाहीस ती?

ढवळता ढवळता एक जुनी सकाळ वर आली. तो सात वर्षांचा असेल. वस्तीनं दीक्षा घेतली त्यानंतरची गोष्ट. मरीआई, खंडोबा, घरोघरचे टाक, सगळे देव टोपल्यांत भरून नदीला नेऊन सोडले होते. म्हातारी माणसं रडत होती आणि तरणी माणसं घोषणा देत होती. मायनं यातलं काय ऐकलं, काय उमगलं, कुणास ठाऊक, पण तिनं ते शब्दाला शब्द खरं मानलं. देव गेले म्हणजे देवांचे हुकूमही गेले. मग एका सकाळी, घरात कुणी नाही असं बघून, चुलतीच्या करंड्यातलं कुंकू घेऊन तिनं हात लांब करून आरसा धरला आणि कपाळावर, दोन भुवयांच्या मध्ये जिथं गोंदणाचा हिरवा ठिपका होता, बरोबर त्याच्यावर बोट टेकवलं. व्यंकट दारात उभा होता. एक क्षणभर त्याला ती फार आवडली. हे तो कुणाला सांगत नाही, पण आवडली. आणि पुढच्या क्षणाला, गावानं जे काही सात वर्षांच्या पोराच्या डोक्यात भरून ठेवलेलं असतं ते त्याच्या तोंडानं बोललं, माय, पूस ते, लोक काय म्हणतील. तिनं वादबिद घातला नाही. अंगठ्यानं पुसलं, अंगठा लुगड्याला पुसला आणि चूल फुंकायला बसली. देव नदीतून वाहून गेले. कपाळ मात्र होतं तसंच राहिलं. त्या सकाळचं त्या दोघांत पुन्हा कधी नाव निघालं नाही, आणि माय ते विसरली असणार अशी त्यानं स्वतःची समजूत घालून घेतली होती.

आठव्या दिवशी तो स्टुडिओत गेला. मुनवरनं पडद्यामागून पुठ्ठ्यावर लावलेला फोटो आणला आणि दुकानाच्या दारात उजेडाला धरला. व्यंकट दोन पावलं पुढं सरकला. चेहरा तिचाच होता, रंग तिचाच होता. कुठल्या नळ्या मिसळल्या कोण जाणे, पण मुनवरनं तिला तिच्यासारखी काळी केली होती, उन्हातून आलेली. ओठ, दात, गळ्यातला काळा दोरा. लुगडं सांगितल्याप्रमाणं बिनरंगाचं, राखाडी. आणि कपाळावर कुंकू. लालभडक, ओलं वाटावं असं. सबंध फोटोत तेवढा एकच रंग डोळ्यात घुसत होता. समोर कुणी सवाष्ण बाई उभी होती, भरल्या घरातली, आणि तिनं मायचं तोंड घेतलं होतं.

"हे काय केलंत चाचा? ती विधवा होती. ते गोंदण आहे, हिरवं."

मुनवरला वाईट वाटलं, पण तो गडबडला नाही. मूळ फोटोतला ठिपका त्यानं बोटानं दाखवला. "भाऊसाब, फोटूत लाल बी काळा, हिरवा बी काळा. मला कसं कळावं? अन् बाई येवढी हसतीय. मला वाटलं, सुखाची असंल."

पुसून टाका, असं व्यंकट म्हणाला, आजच पुसा, आणि गोंदणाचा हिरवा लावा. आवाज जरा चढलाच. पंक्चरवाला मान वळवून बघायला लागला तेव्हा व्यंकटनं आवाज उतरवून सांगितलं की लुगड्याचा रंग घेऊन येतो, मग एकदाच पुरं करा. कारण हे कुंकू बघताना त्याला एक गोष्ट पटली होती : चुकीचा रंग लागला की माणूस बदलतं. आता लुगडं अंदाजानं सांगून चालणार नव्हतं. आणि तेवढ्यात त्याला जाईबाई आठवली. मायबरोबर तलावाच्या कामावर होती, एकाच पालात राहायची; तामलवाडीची. जिवंत असली तर तिला ठाऊक असणार.

जिवंत होती. रविवारी एसटीतून उतरून त्यानं दोन घरी विचारलं आणि तिसऱ्या घराच्या ओट्यावर ती भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेली दिसली. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. शेंगा बोटांनी चाचपून फोडत होती, दाणे एकीकडं, टरफलं एकीकडं, चूक म्हणून नाही. धुरपदाबाईचा व्यंकट, असं त्यानं सांगितलं तेव्हा तिनं हात लांब करून त्याचं तोंड चाचपलं, कॉलेजातला का रं, म्हणाली, आणि सुनेला चहा टाकायला सांगितला. त्यानं मुनवरकडून मागून आणलेला मूळ फोटो तिच्या हातात दिला. तिला दिसणार काय, पण तिनं कागदावरून बोट फिरवलं आणि मोठ्या साहेबानं जीपमधून उतरून काढलेला फोटू का, असं विचारलं. मग व्यंकटनं आपला प्रश्न विचारला. विचारताना लाज वाटली. मावशी, मायचं लुगडं कुठल्या रंगाचं होतं त्या साली?

"त्या साली कुनाचं लुगडं कुठल्या रंगाचं व्हतं रं बाबा?" जाईबाई म्हणाली. "समद्यांची धुळीची."

झालं. एवढ्यासाठी तो आला होता. चहा पिऊन परत फिरावं असं त्याच्या मनात येतंय तोच तिनं विचारलं, फोटूत धुरपदा हसतीय का? हसतेय, असं तो म्हणाला. मग त्योच, म्हणाली, आणि स्वतःच खुदकन हसली. साहेब काचेत डोळा घालून उभा आणि समद्या भेदरलेल्या, आणि म्या तिच्या कानात म्हनलं, धुरपदे, नीट उभी ऱ्हा, तुजा सोलापूरचा मालक फोटू बघंल. तर अशी हसली की पाटी पडायची.

व्यंकटनं कप खाली ठेवला. कुठला सोलापूरचा मालक, असं त्यानं विचारलं. जाईबाईच्या हातातली शेंग फुटायची थांबली. तिला वाटलं होतं की लेकाला सगळं ठाऊक असणार. आता इतक्या वर्षांनी काय झाकायचं, असं म्हणून तिनं सांगायला सुरुवात केली. एकटी बाई, तरणी नाही पण म्हातारीही नाही, कपाळ मोकळं. पहिल्याच आठवड्यात मुकादमानं दोनदा विचारलं, तुझं कोन हाय म्हणून. तिसऱ्यांदा विचारायच्या आत मायनं जाईबाईच्या करंड्यातलं कुंकू मागून घेतलं, कपाळाला लावलं आणि माझा मालक सोलापूरला मिलात हाय असं सगळ्यांदेखत सांगून टाकलं. गावचं तिथं दुसरं कुणी नव्हतं. मुकादम वैनी म्हणायला लागला. सुंठीवाचून खोकला गेला. शनिवारी गावाकडं निघताना ती कुंकू पुसायची, सोमवारी येऊन पुन्हा लावायची. सबंध उन्हाळा असंच.

"पर निस्तं भ्यानं न्हाय लावलं तिनं," जाईबाई म्हणाली. "पुढं मुकादम बदलला, तरी लावायची. माजा आरसा घ्यायची अन् बघत बसायची. आवडत व्हतं तिला. म्या म्हनलं, मंग घरी बी लाव की, तुमच्यात आता देवबिव कुठं ऱ्हायलेत. तर म्हनायची, माज्या लेकाला न्हाय आवडत. दुसरं कायबी बोलायची न्हाय."

व्यंकट ओट्याची कड बोटांनी धरून बसला होता. त्याला विचारायचं होतं की तो एप्रिलात आला होता ते आठवतं का, पण तिनंच ते काढलं. कुणीतरी हाळी दिली, धुरपदे, तुजं लेकरू आलंय. मायनं पाटी टाकली आणि पदरानं कपाळ घासायला लागली. घासलं घासलं आणि जाईबाईला विचारलं, जाये, दिसतंय का गं लाल? "दिसत व्हतं की रं," जाईबाई म्हणाली. "पर म्या म्हनलं, न्हाय. जा."

परतीच्या गाडीत त्याला खिडकीची जागा मिळाली आणि बाहेर काय होतं ते त्यानं पाहिलं नाही. घाम रं, ऊन लई हाय. बारा वर्षं तो ते ऊनच समजून चालला होता. सात वर्षांचं पोर एक शब्द बोललं आणि तो शब्द तिनं पंधरा-सोळा वर्षं जपून ठेवला, पदरात गाठ मारून ठेवल्यासारखा. ती विसरली नव्हती. आणि त्याला वाटत होतं की तिला आयुष्यात रंग मिळाला नाही! होता की. एक उन्हाळा तिनं तो कमावला होता, खोट्या नवऱ्याच्या नावानं, धुळीत, मिलोच्या भाकरीवर. आणि जगात एकच माणूस असं होतं की ज्याच्यापासून तो लपवावा लागत होता. तेच माणूस शेवटी तिचा फोटो रंगवायला घेऊन गेलं आणि कुंकू बघून दुकानात ओरडलं. गाडीत त्याला रडू आलं नाही. छातीत नुसतं दुखत राहिलं, आणि शेजारच्या बाईनं बाळाच्या डोक्यावरचं टोपडं सारखं केलं तरी ते जास्त दुखलं. मुनवरला सांगायला पाहिजे, एवढंच तो घोकत होता, हात लावू नका, राहू द्या तसंच. मुनवर आळशी माणूस आहे, अजून हात लावला नसेल.

पण मुनवर आळशी नव्हता. एवढं ओरडून घेतल्यावर त्यानं त्याच दिवशी काम केलं होतं. फोटो त्यानं कौतुकानं पुढं ठेवला. कपाळावर हिरवा ठिपका होता, अगदी गोंदणाचा हिरवा, किंचित फिसकटलेला, जसा असतो तसा. त्याभोवती कातडी थोडी तांबूस दिसत होती; लाल फार पक्का बसला होता, टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पुरता निघेना म्हणून लई घासावं लागलं, असं मुनवर सांगत होता. व्यंकट त्या तांबूस जागेकडं बघत राहिला. बांधावरून चालत आली होती तेव्हाचीच माय. पुन्हा पुसलेली, पुन्हा त्याच्याच सांगण्यावरून.

गिऱ्हाइकाचं तोंड बघून मुनवरला काहीतरी कळलं. पूर्वी त्याच्या दुकानात कितीतरी माणसं अशी उभी राहिली असतील. तो हळू आवाजात म्हणाला की निगेटिव्ह आहे, दुसरी कापी काढतो, पायजे तर त्याच्यावर लाल लावून देतो, अर्ध्या दिवसाचं काम, फक्त एकदा काय ते नक्की सांगा. लाल म्हणा, लाल. हिरवा म्हणा, हिरवा.

लाल हा शब्द व्यंकटच्या जिभेवर आला होता. गाडीत तेवढाच घोकत आला होता तो. पण तोंड उघडलं आणि त्याला तो सात वर्षांचा पोरगा दारात उभा दिसला, आईच्या कपाळाचा न्याय करणारा. तेव्हा पूस म्हणालास. आता लाव म्हणतोस. तू कोण? तिनं ते जिथं लावलं तिथं तुला येऊ दिलं नाही, पुसून मग तुझ्यासमोर आली. आता भिंतीवर लाल टांगून तिचं ते गुपित तू येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवणार, का तर तुला बरं वाटावं म्हणून? आणि हिरवा टांगला तर तो उन्हाळा झालाच नाही म्हणायचा. मेल्यावर तरी तिच्या कपाळावर तुझं बोट नको. काउंटरवर त्यानं परत आणून ठेवलेला, दाण्याएवढ्या तोंडाचा तो मूळ फोटो पडला होता. तिथं तो ठिपका नुसता काळा होता. लाल होता आणि हिरवाही होता, आणि कुठला ते फक्त हसणारीला ठाऊक होतं.

"साधा द्या," तो म्हणाला.

लुगड्याचा रंग मिळाला नाही म्हणून का, असं मुनवरनं विचारलं. व्यंकट व्हय म्हणाला. मग मुनवरनं त्याला दुसरी साधी कापी काढून दिली, आणि रंगवलेली व्यंकटनं मागितली नाही, मुनवरनंही काय करायचं ते विचारलं नाही.

बेंबळीच्या घरात तो फोटो आता लागला आहे, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या खाली, चांगुणानं ठोकलेल्या खिळ्यावर. लावला त्या दिवशी ती बराच वेळ बघत उभी होती. किती गोड हसतात, म्हणाली, आणि मग, कपाळाला हे काय आहे, कुंकू का गोंदण? व्यंकटनं मला माहीत नाही असं सांगितलं. तिनं त्याच्याकडं नवलानं पाहिलं. स्वतःच्या आईचं माहीत नाही म्हणणारा माणूस तिला बहुतेक पहिल्यांदाच भेटत होता. "विचारायचं राहिलं," तो म्हणाला. त्यावर ती पीठ मळायला लगेच गेली नाही. उन्हाळ्यात तिथं धूळ फार. शनिवारी गेला की आधी तो ओलं फडकं घेऊन काच पुसायला लागतो, कोपऱ्यातून, खांद्यापासून, हनुवटीपर्यंत येतो, गाल पुसतो, आणि कपाळापाशी त्याचा हात थांबतो. पुसायचं तर नीट पुसा की, असं चांगुणा म्हणते. राहू दे तेवढं, असं म्हणून तो फडकं पिळायला जातो.